पिंपाची पलीकडची बाजू

काच घासणाऱ्यानं एका जागी उभं राहायचं नसतं, हे आकाशदर्शन मंडळात नव्या माणसालाही पहिल्याच शनिवारी सांगितलं जायचं. दुर्बिणीचा आरसा हातानं करायचा म्हणजे दोन जाड गोल काचा घ्यायच्या. एक पिंपावर घट्ट बसवायची, तिच्यावर घासायची खरखरीत पावडर आणि पाणी टाकायचं आणि दुसरी काच तिच्यावर पुढे-मागे घासत राहायची. वरची काच मधोमध हळूहळू खोल होत जाते, तिचाच पुढे आरसा होतो. पण घासता घासता काच हातात फिरवत राहायची आणि आपणही पिंपाभोवती पाऊल पाऊल सरकायचं. म्हणजे हाताचा कमी-जास्त जोर सगळीकडे सारखा वाटला जातो. जो फिरत नाही त्याची काच एका अंगानं बसते, आणि मग त्या आरशातून गोल तारा लांबट दिसतो. मंडळाचे अध्यक्ष हे इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्यांचे ओठ आपोआप हलत.

एवढं सगळं ठाऊक असून दोन जाणत्या माणसांनी मंडळाच्या एका काचेची माती केली. कारण एकच. त्या दोघांना एकमेकांचं तोंड पाहायचं नव्हतं.

दोघं साडू होते. मोठा चष्म्यांचा दुकानदार, धाकटा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. त्याला सगळे गुरुजी म्हणत आणि दुकानदाराला चष्मेवाले. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे त्या दोघांच्या बायकांचे सख्खे भाऊ. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून आधीच थकलेला हा माणूस शनिवारी संध्याकाळी वाचनालयामागच्या खोलीत आणखी थकायला येत असे. दोन्ही मेहुण्यांना त्यानंच मंडळात आणलं होतं. बहिणींचं जाणं-येणं वाढावं एवढाच त्याचा साधा हिशेब होता, आणि तो सपशेल चुकला होता.

वैराचं मूळ विचाराल तर कोणालाच धड सांगता आलं नसतं. गुरुजींनी एकदा अख्खं घर टेकडीवर नेऊन धूमकेतू दाखवला होता. सगळ्यांनी हात जोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तो पाण्याच्या टाकीवरचा दिवा होता. चष्मेवाले पुढे कित्येक वर्षं घरात कोणी दिवा लावला की म्हणत, "वा, धूमकेतू आला." यावर गुरुजींनी चारचौघांत ऐकवलं होतं की डॉक्टर नंबर लिहून देतो, दुकानदार नुसती काच बसवतो, त्याला काय अक्कल लागते. ते चष्मेवाल्यांच्या काळजात जे घुसलं ते निघालं नाही. टाकीचा दिवा गुरुजी विसरले असतीलही. "नुसती काच बसवतो" हे चष्मेवाले विसरले नाहीत.

कारण ते खरं होतं. सगळा जन्म लोकांच्या नाकावर काचा चढवण्यात गेला होता. लोक त्या काचांतून मुलांची तोंडं बघत, पेपर वाचत, रस्ता ओलांडत. काच कोणी बसवली हे कोणाच्या ध्यानातही नसे. मंडळात मात्र एक रीत होती. आरसा पुरा झाला की मुलामा चढवायला पाठवण्याआधी करणाऱ्यानं हिऱ्याच्या टोकानं त्याच्या पाठीवर आपलं नाव कोरायचं. चष्मेवाल्यांना ते नाव हवं होतं. एकदा तरी एका काचेवर. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी इतका जीव टाकतोय हे सांगायला त्यांना लाज वाटत होती.

मंडळाच्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा करायचं ठरलं तेव्हा दोघांनीही हात वर केला. सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे. अध्यक्षांनी डोळे मिटून कपाळ चोळलं आणि म्हणाले, "दोघं मिळून करा. नावंही दोन्ही कोरा."

"आधी कोणाचं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तारे बघायला जमतो ना आपण इथं?" दातांच्या डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या. मंडळात फटकन बोलणारी तेवढी एकच बाई होती. "का नामफलक लावायला?"

कामाला सुरुवात झाली आणि पहिल्याच आठवड्यात काचेवर एक ओरखडा सापडला. बारीक पावडरीत जाड पावडरीचा एक कण जरी पडला तरी असा ओरखडा उठतो, आणि मग मागचं सगळं काम पुन्हा करावं लागतं. कण कोणाच्या हातून पडला हे देवालाही सांगता आलं नसतं. या दोघांना मात्र खात्रीनं सांगता येत होतं.

"दुकानातली धूळ घेऊन येतात अंगावर," गुरुजी छताकडे बघून म्हणाले.

"खडूची सवय आहे ना हाताला," चष्मेवाले खिडकीकडे बघून म्हणाले. "शिंपडल्याशिवाय चैन पडत नाही."

त्या दिवसापासून वाटणी झाली. बुधवार गुरुजींचा, रविवार चष्मेवाल्यांचा. गुरुजींनी जमिनीवर खडूनं रेघ ओढली, पिंपाच्या मधून बरोबर आरपार. भिंतीकडची बाजू गुरुजींची, खिडकीकडची चष्मेवाल्यांची. ज्यानं त्यानं आपली पावडर, आपलं पाण्याचं भांडं, आपलं फडकं आपल्याच बाजूला ठेवायचं आणि पलीकडे पाय टाकायचा नाही. पुन्हा ओरखडा उठला तर "तुम्ही आला होतात माझ्या बाजूला" असं म्हणायला जागा नको, म्हणून दोघंही ही सीमा डोळ्यांत तेल घालून पाळत होते. पिंपाभोवती फिरायचं असतं हे दोघांनाही ठाऊक होतं. पण प्रत्येकाला वाटे, आपण अर्ध्यातच फिरतोय खरं, पण दुसरा अर्धा तो फिरतोच आहे की. मिळून एक फेरी झालीच.

चष्मेवाल्यांना तेवढ्यानंही समाधान नव्हतं. आपल्या मागे साडू बुधवार सोडून इतर दिवशीही येऊन काचेशी खेळतो असा त्यांना दाट संशय होता. त्यांचा स्वभावच तसा. घरातल्या तेलाच्या बाटलीवर, चहाच्या डब्यावर, इतकंच काय शाईच्या दौतीवरसुद्धा त्यांची काळी खूण असे, कालच्याइतकंच आज आहे का ते बघायला. दुकानात काचेचा मध्य दाखवायला जो बारीक टोकाचा काळा पेन ते वापरत, तो कायम खिशाला लावलेला. त्यांनी वरच्या काचेच्या कडेला एक काळा ठिपका काढला आणि बरोबर त्याच्याखाली खालच्या काचेला दुसरा. काम संपलं की ठिपक्याखाली ठिपका आणून ठेवायचा. काम झालं की काच होती तशीच ठेवायची हे दोघांत ठरलेलंच होतं; चोरून, घाईत आलेल्याला ते जमणार नाही, म्हणजे पुढच्या वेळी ठिपका जराही सरकलेला दिसला की साडू सापडला. आणि ठिपका पुन्हा जागेवर आणायचा म्हणजे काच हातात फार फिरवायला नको, म्हणून ते ती थोडी इकडे, थोडी तिकडे एवढीच हलवत.

गंमत अशी की दर रविवारी ठिपका जागच्या जागी असे. चष्मेवाल्यांचा त्यामुळे संशय वाढलाच. इतका सरळ वागणारा माणूस नक्की काहीतरी करतोय, असं ते बायकोला म्हणाले.

बायको भाजी निवडत होती. "माझ्या बहिणीनं काल विचारलं, यंदा तरी दोघी मिळून चार दिवस कुठे जाऊ का म्हणून," ती म्हणाली. "ती म्हणाली, आरसा एकदा होऊ दे. दोघांची नावं एका काचेवर आली की भांडायला काय उरणार?"

"बघू," चष्मेवाले म्हणाले. मग तिच्या पुढ्यात दोन पडदे धरून त्यांनी विचारलं, "हा बरा की आधीचा?"

दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे भिंगं बदलत ते दिवसभर हेच विचारायचे, हे बरं की आधीचं, आता बरं की आधी. तीच सवय घरी आली होती. पडदे, डाळ, साडी, मुलीसाठी आलेली स्थळं, सगळ्याला तोच एक प्रश्न. बायकोला लग्नानंतर काही दिवस त्याचं हसू यायचं, मग राग यायचा. आता ती नुसतं बोट दाखवायची.

काच घासून, पॉलिश होऊन तयार झाली तेव्हा परीक्षेसाठी सगळे जमले. दुपारची वेळ होती. वाचनालयाच्या लांब बोळात खिडक्यांना जाड कागद लावून अंधार केला होता. एका टोकाला आरसा उभा केला, दुसऱ्या टोकाला डब्यात दिवा ठेवून डब्याला सुईनं भोक पाडलं. हा झाला तारा. त्याचा प्रकाश आरशावरून परत येतो आणि तो भिंगातून पाहायचा. गोल ठिपका दिसला तर आरसा जमला.

अध्यक्षांनी पाहिलं आणि भिंग डॉक्टरीणबाईंपुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. "हे काय? रेघ दिसतेय," त्या म्हणाल्या. "आणि भिंग जरा मागे घेतलं की रेघ आडवी होतेय."

चष्मेवाल्यांनी डोळा लावला. उभी रेघ. भिंग मागे, आडवी रेघ. हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एका अंगानं जास्त वाकलेल्या डोळ्याचं असंच होतं. त्यालाच लोक सिलिंडरचा नंबर म्हणतात. रोज दुकानात बसून ते हाच दोष काचेनं भरून काढत होते. आणि जन्मात एकदा स्वतःची काच केली ती नेमकी तशी.

"फिरायचं होतं," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता आणि म्हणूनच तो जास्त लागला. "दोघांतलं कोण फिरलं नाही?"

"मी फिरलो," गुरुजी म्हणाले.

"मीही," चष्मेवाले म्हणाले.

"खोटं बोलायची काही सीमा?"

"रेघ कोणी ओढली होती जमिनीवर? सीमेचं तुम्हीच शिकवा."

गुरुजींच्या नाकपुड्या फुगल्या. "दुकानात सिलिंडर विकता विकता हातात बसलाय यांच्या," ते म्हणाले. कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू चष्मेवाल्यांच्या अंगभर पसरलं.

"उद्या संध्याकाळी बैठक," अध्यक्ष म्हणाले. "काच समोर ठेवून बघू. ज्याची चूक असेल त्यानं बाजूला व्हायचं. दुसऱ्यानं एकट्यानं ती पुन्हा घासायची, आणि नाव त्याचं एकट्याचं. मला आता दोन माणसं एका पिंपाला बांधायची नाहीत."

काच गुंडाळून खोलीत ठेवायचं काम चष्मेवाल्यांनी मागून घेतलं. सगळे गेल्यावर त्यांनी ती खिडकीपाशी धरली. काळा ठिपका जागेवर होता. त्यांनी काच हातात फिरवली. जे इतके दिवस करायला हवं होतं ते आत्ता केलं. आणि दुसऱ्या कडेला, बरोबर समोर, त्यांना एक निळा ठिपका दिसला.

तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, कारण ती बाजू कायम पलीकडे असे. त्यांनी खालची काच पाहिली. तिथंही निळा ठिपका. म्हणजे गुरुजींनीही तेच केलं होतं. त्याच संशयानं, तशीच खूण करून, तेही दर बुधवारी काच होती तशीच ठेवून जात होते. इतके दिवस काच एकदाही धड फिरली नव्हती. दोघांनी मिळून तिला एका जागी खिळवली होती.

गुरुजींना हाक मारावी, म्हणावं, हे बघा, आपण दोघं सारखेच गाढव, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. अगदी खरं सांगायचं तर हसूही आलं. मग ते बोळातलं हसणं आठवलं. नुसती काच बसवतो. आणि एकट्याचं नाव.

खिशात चष्मे पुसायच्या द्रवाची छोटी बाटली आणि मऊ कापड होतंच. त्यांनी वरच्या काचेचा काळा ठिपका पुसला. खालच्या काचेचाही पुसला. निळे तसेच ठेवले. हे करताना त्यांचे हात गिऱ्हाइकाचा चष्मा पुसावा तसे चालले, याचं त्यांना नंतर नवल वाटलं.

बैठकीत त्यांनी काच टेबलावर ठेवली आणि निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही कोणाची खूण?"

गुरुजींनी एका क्षणात मान्य केलं. माणूस भांडखोर होता, पण लपवाछपवी त्याला जमत नव्हती. "माझी. पण यांचा काळा ठिपका होता. तो बघून मी माझा केला. यांनी माझ्यावर नजर ठेवायची, मग मी का ठेवू नये? दाखवा यांचा ठिपका."

काच हातोहात फिरली. डॉक्टरीणबाईंनी कड चष्म्याजवळ नेऊन पाहिली. "नाही हो," त्या म्हणाल्या. "काळं काही नाही."

"होता," गुरुजी म्हणाले. "दर बुधवारी पिंपावरून वाकून बघत होतो मी. होता."

"टाकीवर असेल," चष्मेवाले म्हणाले.

खोलीत मोठा हशा पिकला. गुरुजी हसणाऱ्यांकडे बघत राहिले. मग ते सावकाश चष्मेवाल्यांकडे वळले आणि पहिल्यांदाच छताकडे नाही, खिडकीकडे नाही, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "तुम्ही पुसलात."

"पुरावा?"

"पुरावा कुठला? पुसलात ना."

अध्यक्ष दोघांकडे बघत होते. एका बहिणीचा नवरा खोटं बोलतोय हे त्यांना कळत होतं. कोणता, ते कळून घ्यायची त्यांची इच्छा नव्हती. "ठरलं तसं करू," ते पुटपुटले. गुरुजींनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, कोपऱ्यातून आपलं पाण्याचं भांडं आणि फडकं उचललं आणि निघून गेले. जाताना त्यांचा पाय खडूच्या रेघेवर पडला आणि ती मधे पुसली गेली.

रात्रीचं जेवण झालं. मग ताटं उचलताना बायको म्हणाली, "धाकटीचा फोन होता. ते घरी येऊन बसलेत, कोणाशी बोलत नाहीत म्हणाली." तिनं ताटं ओट्यावर ठेवली. "काळा ठिपका होता का?"

"नव्हता."

तिनं ओट्यावरची तेलाची बाटली उचलून त्यांच्या समोर ठेवली. बाटलीवर बारीक टोकाच्या पेनाची काळी खूण होती. ती खूण जरा वेळ दोघांच्या मध्ये राहिली.

"बरं," ती म्हणाली आणि बाटली जागेवर ठेवून दिली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. बहिणीबरोबर चार दिवस जाण्याचाही काढला नाही. फोन आला तर दुसऱ्या खोलीत जाऊन बोलायची. पुढे पुढे फोन येणंही बंद झालं.

चष्मेवाल्यांनी काच एकट्यानं पुन्हा घासली. अख्खं पिंप आता त्यांचं होतं. ते फिरले, काच फिरवली, अगदी नियमाप्रमाणे. फक्त भिंतीकडच्या बाजूला गेलं की त्यांचा हात घाईनं चाले आणि खिडकीकडे आलं की बरं वाटे. त्या बाजूला जमिनीवर खडूचा पांढरा भुगा अजून दिसत होता. झाडायचा म्हटलं तर झाडता आला असता.

या वेळी बोळातला तारा गोल आला. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी हिऱ्याचं टोक हातात दिलं आणि चष्मेवाल्यांनी आरशाच्या पाठीवर आपलं नाव कोरलं. अक्षर सुबक आलं. त्यांनी ते हात फिरवून पाहिलं, आणि आनंद कधी होतो याची वाट बघत राहिले. मुलामा चढून आरसा आला, नळीत बसला. नाव आता आत, अंधारात, सगळ्यांच्या नजरेआड गेलं. हे असंच होणार हे ठाऊक असून ते त्यांच्या आधी लक्षात आलं नव्हतं.

दुर्बीण पहिल्यांदा लोकांना दाखवायची होती त्या संध्याकाळी वाचनालयाच्या गच्चीवर रांग लागली. उजेड पुरता गेला नव्हता आणि अर्धा चंद्र वर आला होता. माणूस डोळा लावायचा, "अरे वा" म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. चष्मेवाले दुर्बिणीशी उभे राहून भिंग जुळवून देत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खड्डे काय स्वच्छ दिसतायत हो. काम केलंत बाकी." त्यांनी मान लववली. रांगेत त्यांची नजर दोनदा गुरुजींना शोधून आली. ते आले नव्हते. धाकटीही आली नव्हती.

बायको आली होती. भावाच्या आग्रहाखातर आली होती. तिची पाळी आली तेव्हा चष्मेवाल्यांनी तिच्या उंचीला नळी खाली घेतली, भिंग जुळवलं आणि बाजूला सरले. ती वाकली. तिनं चेहरा भिंगाशी नेला.

भिंगापुढे बसलेल्या माणसाचा चेहरा वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. कोण खरंच बघतंय, कोण अंदाजानं अक्षरं म्हणतंय, हे त्यांना गालावरून कळे. बघणाऱ्याच्या गालाची कातडी डोळ्याखाली जराशी ओढली जाते. तिचा गाल ओढलेला नव्हता, सैल आणि शांत होता. तिनं डोळा मिटून घेतला होता.

मागे रांग होती. अध्यक्ष दोन पावलांवर उभे होते. चष्मेवाल्यांना म्हणायचं होतं, उघड ना डोळा, एकदा बघ, मी केलाय. पण तोंडातून आलं ते दुसरंच, इतक्या वर्षांच्या सवयीनं आलेलं.

"आता बरं दिसतंय," त्यांनी विचारलं, "की आधी?"

ती सरळ झाली. पदर सारखा करत तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"आधी," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.